सावरीजवळ उतरवा

मुंद्रा, कच्छ
९ फेब्रुवारी २०२५

ताई,
मितेशचा नमस्कार. मी बरा हाय. आईचं गुडघं कसं हाय? ऋतिकाला मामाचा पापा दे. इकडं बंदरावर कंटेनर भरायचं काम हाय, पण मन लागत न्हाय. माझं कुठंच लागत न्हाय, तुला तर ठाऊकच.

फोनवर तू सांगितलंस, गोदामवाले रस्ता रुंद करतायत, दारापुढचं सावरीचं झाड पाडायचं म्हणतात. मी "न्हाय" बोलून फोन कापला. राग मानू नको.

आपल्या वळ गावातल्या सगळ्या खुणा गेल्या गं. विहीर बुजवली, बांध गेले, जिकडंतिकडं एकसारखी पत्र्याची गोदामं. बाबांना पाट्या वाचता येत न्हवत्या. म्हणायचे, "सावर दिसली का घर आलं." आपली मैना म्हैस वज्रेश्वरीला विकली, तर दावं तोडून परत सावरीखाली येऊन उभी! तू बोललीस, "बाबा, तुमच्यापेक्षा हिलाच रस्ता कळतो." किती हसले होते.

मग त्यांना विसर पडायला लागला. दीड वर्षापूर्वी गणपतीत घरातून निघाले ते आले न्हाईत. आई रोज सांजेला सावरीवर बल्ब लावते, त्यांना लांबून दिसावा म्हणून. त्यासाठीच मी नको बोललो, असं तुला वाटलं असेल.

तसं न्हाय. इथून पुढं एकटीच वाच.

मी सारख्या नोकऱ्या बदलतो ते उगाच न्हाय. जाईन तिथं बाबांचा फोटो दाखवतो. मागच्या महिन्यात भरूचच्या अलीकडं एका दवाखान्यातल्या आयाबाईनं फोटो बघितला आणि माझाच हात धरून मनगटावर बोट ठेवलं. "इधर गुणा लिखा था?"

बाबांच्या मनगटावरचं आईच्या नावाचं गोंदण.

कुणी ट्रकवाला त्यांना तापात तिथं सोडून गेला होता. गाव विचारलं का एकच सांगायचे, "सावरीजवळ उतरवा." त्याच थंडीत वारले. बेवारस म्हणून जाळलं. ती बाई मला विचारत होती, "बेटा, ये सावर किधर है?"

तुला फोनवर पाडा म्हटलं असतं, तर आता बाबांची वाट का बघायची न्हाय, हे सगळं सांगावं लागलं असतं.

आई अजून कुंकू लावते. तू काही बोलू नको, शिमग्याला येऊन मीच सांगतो. तोवर सावर राहू दे. नव्या रस्त्यानं मलाबी घर गावायचं न्हाय. लाल फुलली असेल, ती बघून उतरेन. मग पाडू दे त्यांना.

पत्र मिळेल त्या सांजेला आई बल्ब लावायला उठली, का तिला एवढंच सांग, मितेश येतोय.

वाटेवरचा तुझा भाऊ,
मितेश