गटाराचं मूळ

४ ऑक्टोबर
पूर्वेच्या लाइनच्या सांडपाण्यात व्हायरसचा जुना स्ट्रेन सापडला. दोन वर्षांपूर्वीच्या साथीतला, बाकी सगळीकडून केव्हाच नाहीसा झालेला. आई गेली ती याच स्ट्रेनने. ही निव्वळ माहिती म्हणून नोंदवते. कामात भावना आणायच्या नाहीत, हा माझा नियम आहे. कुणाच्या तरी पोटात तो तेव्हापासून मुक्काम ठोकून आहे. आठवड्याभरात त्या माणसाला शोधून काढते. बाबांना सांगायचं नाही.

५ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं. स्ट्रेनचं नाही, कामाचं. एकेक मॅनहोल उघडत प्रवाहाच्या उलट सरकायचं. व्हायरस जितका दाट, तितका माणूस जवळ. बाबा म्हणाले, अगं, नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, तू गटाराचं शोधायला निघालीस? हसता हसता त्यांना धाप लागली. त्या साथीपासून त्यांची फुप्फुसं अर्धीच चालतात. दुसरा झटका सोसायचा नाही.
मला तेव्हा काहीच झालं नाही. आईजवळ शेवटपर्यंत मीच होते. प्रतिकारशक्ती उत्तम.

९ ऑक्टोबर
हॉस्पिटल बाद. बाजार बाद. झाकणं उघडणारे उस्ताद म्हणाले, मॅडम, असंच वर जात राहिलो तर तुमच्या घरी चहालाच पोचू. मी हसले नाही.
पोट बिघडलंय. कॅन्टीनचं तेल. उद्यापासून डबा.

१४ ऑक्टोबर
आमच्याच इमारतीचं चेंबर. सर्वांत दाट.
संशयित उघड आहे: खालच्या मजल्यावरचे काका. खोकतात, हात धूत नाहीत, आणि रोज संध्याकाळी बाबांशी बुद्धिबळ खेळायला येतात. दारातच सांगितलं, मी कळवेपर्यंत येऊ नका. ते म्हणाले, अगं पोरी, पण माझा घोडा आत तसाच उभा आहे!
बाबांनी डाव न मोडता पटावर वर्तमानपत्र पांघरलं.

१८ ऑक्टोबर
काका रागावून मुलीकडे गेले. आकडा तसाच. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, नाच शिकवणाऱ्या बाई. नक्की.
बाथरूममधल्या पाइपातून पाणी उतरतं, ते ऐकत उभी राहते. तपासाचाच भाग. आईचं घरात काही नाही. कपडे, चादरी, कंगवासुद्धा मीच जाळला, संसर्ग नको म्हणून. आणि इथे भिंतीच्या आतून तिचं काहीतरी रोज खाली जातंय. (वाक्य अशास्त्रीय. खोडायचं.)
डबा अजून सुरू नाही. पोट तसंच.

२२ ऑक्टोबर
ट्रेनिंगसाठी परगावी. नमुने उस्ताद घेतील. परतले की नाचाच्या बाईंचा निकाल.

२७ ऑक्टोबर
मी नव्हते ते सगळे दिवस शून्य. काल परतले. आजचा नमुना दाट.
उस्तादांनी चुकीचं झाकण उघडलं असणार. फोन केला. ते म्हणाले, मॅडम, नाचाच्या बाई रोज त्याच झाकणापाशी मला चहा आणून द्यायच्या, चुकेन कसा?
म्हणजे किट खराब. केवळ औपचारिकता म्हणून स्वतःचा नमुना दिला.

३१ ऑक्टोबर
जुना स्ट्रेन. काखेत कळसा वगैरे.
डॉक्टर म्हणाल्या, इतरांना धोका कमी आहे, पण घरात आजारी वडील आहेत, उगाच परीक्षा पाहू नका. गोळ्यांनी महिनाभरात साफ होईल.
बाबांना सांगितलं. या वेळी स्ट्रेनचंही. ते म्हणाले, म्हणजे तिच्याकडूनच आलेला. मी हो म्हटलं. ते म्हणाले, गोळ्या लगेच सुरू कर. पण माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, आणि इतक्या हळू, की जणू आत कुणी झोपलंय.
काकांना मीच मुलीकडून परत बोलावून आणलं. बाबांनी वर्तमानपत्र उचललं. घोडा तसाच उभा होता.
पहिली गोळी आज घ्यायची होती. पण त्याआधी आणखी एक नमुना हवा, तुलनेसाठी. कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे.
गोळी उद्या घेते.