गरोदर बाईचं नॉर्मल

प्रिय ताई,

आधी बातमी, मग खुशाली. काल आपण जिंकलो. आमच्या प्रयोगशाळेतून यापुढे गरोदर बाईच्या रक्ताचा रिपोर्ट निघेल, तेव्हा त्यावर नॉर्मल म्हणून गरोदर बायकांचेच आकडे असतील.

तुझं गरोदरपण आठवतं ना? रिपोर्टात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी आलं आणि घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई दुधाचा पेला घेऊन तुझ्यामागे, भावजी उकडलेली अंडी घेऊन. तू मात्र भिंतीकडे तोंड करून रडायचीस, की माझंच काहीतरी चुकलं. मी तेव्हा कॉलेजात होते. तुझ्या उशाशी नुसती बसून राहायचे, कारण सांगण्यासारखं मलाच काही ठाऊक नव्हतं. मग तुझी लेक आली ती चांगली गुटगुटीत, दवाखाना डोक्यावर घेत.

आज सांगते. पोटात बाळ असताना रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, म्हणून त्यातलं अल्ब्युमिन विरळ होऊन कमी दिसतं. उलट रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढत जातं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीर आधीच कंबर कसून बसतं. पुस्तकांत हे होतंच. पण आमच्या रिपोर्टवर आकडे छापायचे ते सगळ्यांना सरसकट एकच. मी साहेबांच्या मागे लागले, तर ते म्हणायचे, इतकी वर्षं चाललंय ना? शेवटी धडधाकट गरोदर बायकांना विनवलं. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी त्यांचं रक्त तपासलं. एकजात सगळ्यांचं अल्ब्युमिन उतरलं, फायब्रिनोजेन चढलं, आणि ज्या बाळंत झाल्या त्यांची बाळं ठणठणीत. काल बैठकीत मी या आकड्यांचा आलेख मांडला, तो पाहून साहेब एवढंच म्हणाले, "उगाच किती जणींना घाबरवलं आपण. छापा."

ताई, त्या बायकांतली एक मी आहे. आठवा लागलाय. याआधी दोनदा तुला हौसेने कळवलं आणि दोन्ही वेळा माझे डोळे पुसायला तुलाच धावत यावं लागलं. म्हणून या खेपेला व्हिडिओ कॉल टाळत, फोनचा कॅमेरा बिघडलाय असं सांगत राहिले. रागाव हवं तर. पण माझं अल्ब्युमिन उतरायला हवं तेवढंच उतरलंय, आणि हे लिहितानाही बाळ लाथा झाडतंय. रजा टाक, बॅग भर आणि ये. या वेळी डोळे पुसायला नाही, बाळाला न्हाऊ घालायला.

तुझीच,
छोटी