दुपारी बारा वाजता, रात्र

१६ जून १९६६

प्रिय हिनेसदादा,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. आईचे गुडघे या आठवड्यात बरे आहेत, बकरी व्याली, दोन्ही पिल्लं जगली. ऊन आताच इतकं झालंय की दहा वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तिकडे कारखान्यात तुम्हाला ऊन कसं ते आठवत तरी असेल का?

माझं काम चालू आहे. तू विचारलं होतंस, नक्की करते काय. गेल्या वर्षीपासून इथल्या कोरड्या नदीच्या पात्रात इटालियन लोक अमेरिकेचे सिनेमे बनवतात, हे तुला ठाऊक आहेच. मी कंटिन्युइटीचा तक्ता लिहिते. म्हणजे टोपी कोणाच्या कोणत्या हातात होती, पेला किती भरलेला होता, घोडा कोणत्या बाजूला वळला, हे सगळं टिपून ठेवायचं. शेवटचा भाग आज काढतात आणि सुरुवातीचा महिन्याने. टोपी मध्येच दुसऱ्या हातात गेली तर प्रेक्षक हसतील ना? हे काम मिरेल्लाबाईंचं, पण त्या आजारी पडून रोमला गेल्या आणि तक्ता माझ्याकडे आला. घरातली शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून लोकांना वाटतं मला सगळं येतं. मी मात्र घरी येऊन प्रत्येक ओळ तीनदा तपासते.

यंदाचा सिनेमा एका गुरंवाल्याचा आहे. शेजाऱ्याचा खून केल्याचा खोटा आळ त्याच्यावर येतो आणि सारं गाव त्याला फाशी द्यायला निघतं. गुरंवाल्याचं काम करणारा नट जर्मन आहे, तू आता राहतोस त्याच मुलखातला! शेरीफ इटालियन. आवाज नंतर भरतात, म्हणून जो तो आपापल्या भाषेत बोलतो. संवाद विसरला की जर्मन सरळ आकडे म्हणतो. परवा तो रडत रडत एकोणनव्वदपर्यंत पोचला आणि बायकांनी रुमालाने डोळे पुसले. गावकऱ्यांच्या गर्दीत आपलीच माणसं आहेत. त्यांना "लटकवा त्याला!" ओरडायला सांगतात आणि मागचे लोक "जेवण कधी?" म्हणून ओरडतात.

आता बाबांविषयी. आपल्या चुलतभावाने तुला जे सांगितलं त्यातलं एवढं खरं आहे: २ जूनला, गुरुवारी, भर दुपारी कंपनीच्या आवारातून तीन घोडे नाहीसे झाले. घोड्यांची देखभाल बाबांकडे होती. किल्ली त्यांच्याकडे आणि मॅनेजर एवारिस्तोसाहेबांकडे. दुसऱ्या दिवशी बाबांना चौकीत नेलं. अजून तिथेच आहेत.

बाकीचं खरं नाही. आणि तू लिहिलंस, "म्हाताऱ्याने शेवटी आपला गुण दाखवलाच," तेही खरं नाही. खेचर त्यांनी तुला न विचारता विकलं, त्यावरून तुम्ही चौकात भांडलात आणि तू गेलास. पाच वर्षं झाली. पण ते खेचर त्यांचं स्वतःचं होतं, दादा. दुसऱ्याच्या जनावराला त्यांनी कधी न सांगता दोरीसुद्धा लावली नाही. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. त्या जागी "काळजी वाटते" असं म्हटलं. तुझं पत्र वाचून दाखवताना मी पहिल्यांदाच खोटं वाचलं.

चौकीतल्या सार्जंटने कंपनीचे कागद पाहिले. त्यावरून त्याने ठरवलं की बाबा दुपारी मोकळे होते. कागद म्हणजे कागद, त्यात काय लिहायचं. आई जेवायला बोलावते आहे.

तुझी,
कासिल्दा

१८ जून, शनिवार

दादा,

परवाचं पत्र पेटीत टाकलं, पण त्यात एक गोष्ट लपवली. मी "कंपनीचे कागद" असं लिहिलं. तो माझा तक्ता होता.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर पुन्हा काहीतरी सुटेल.

२ जूनच्या दुपारी आम्ही मोठा प्रसंग काढला. गावकरी मशाली घेऊन गुरंवाल्याच्या दाराशी येतात, तो. माणसं कमी पडली म्हणून घोड्यांपाशी असलेल्या बाबांनाही टोपी आणि मशाल देऊन उभं केलं. सिनेमात ती वेळ रात्रीची आहे. पण रात्री दिवे लावून नदीचं एवढं मोठं पात्र उजळणं परवडत नाही, म्हणून भर उन्हात चित्रण करतात आणि कॅमेऱ्यापुढे काळपट काच लावतात. पडद्यावर चांदणं दिसतं. तक्त्यावर सिनेमातली वेळ लिहायची, घड्याळातली नाही. मिरेल्लाबाईंनी मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी लिहिलं: बाह्य, रात्र.

बाबांनी सार्जंटला सांगितलं, "मी दुपारी बारा वाजता रात्रीच्या प्रसंगात मशाल घेऊन उभा होतो." सार्जंट उत्तरेकडचा, इथे येऊन महिना झालेला. तो इतका हसला म्हणे, की त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्याने तक्ता मागवला, आणि मलाही.

एवारिस्तोसाहेब माझ्या मागे उभे होते. सार्जंटने विचारलं, "हे अक्षर तुझं?"

"हो."

"इथे काय लिहिलंय?"

"रात्र."

"तक्ता बरोबर आहे की चुकलाय?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

आणि थांबले. दादा, मी तिथेच थांबले. त्याने दुसरं काही विचारलं नाही आणि मी दुसरं काही सांगितलं नाही. बाबा भिंतीपाशी बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या वहाणांकडे.

का थांबले, ते पंधरा दिवस शोधते आहे. एवारिस्तोसाहेबांनी येताना वाटेत सांगितलं होतं, "विचारतील तेवढंच बोल, पोरी. कंपनीला भानगड नको. तुझ्यासारख्या हुशार मुलीला पुढच्या सिनेमातही घेऊ." त्याची भीती होतीच. पण निम्मं कारण वेगळं होतं, आणि ते जास्त वाईट आहे. माझ्या तक्त्यात चूक नाही, याचा मला अभिमान वाटला. "बरोबर आहे" म्हणताना मला आत कुठेतरी बरं वाटलं. बाप बाकावर बसलेला असताना.

गर्दीत तीस माणसं होती. सार्जंटने त्यांनाही विचारलं. "साहेब, आम्हाला कधी दिवसा पळायला लावतात, कधी रात्री. तारीख कोण लक्षात ठेवतो?" कोणी म्हणे शेजारी पाहिलंच नाही, कोणी म्हणे मशालीच्या धुराने डोळे चुरचुरत होते. सगळ्यांना रोजचं काम एवारिस्तोसाहेब देतात. मी त्यांना काय नावं ठेवू? मी तर शिकलेली.

पण आता पुरे. उद्या रविवार. प्रार्थना संपल्यावर सार्जंट चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सलाम घेत उभा असतो. तिथेच, सगळ्यांदेखत सांगणार आहे. चौकीत गेले तर एवारिस्तोसाहेब पुन्हा मागे येऊन उभे राहतील.

आईला आत्ता सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "मग काळे मोजे घाल, पांढऱ्यांना भोक पडलंय. सगळं गाव बघणार आहे तुला."

कासिल्दा

२४ जून

हिनेसदादा,

रविवारी मी बोलले. "साहेब, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ती रात्र दुपारी बारा वाजता काढली होती."

मागे कुणीतरी खिदळलं. सार्जंट म्हणाला, "दुपारची रात्र करता येत असती, मुली, तर मी रोज बारा वाजता झोपलो असतो."

"उद्या बाराला सेटवर या. दाखवते."

"आणि नाही दिसली तर?"

"तर मलाही बाबांच्या शेजारी बसवा."

तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. एवारिस्तोसाहेब धावत आडवे आले, "चित्रण चालू आहे, साहेब, परक्यांना मनाई आहे." सार्जंट म्हणाला, "मी परका?" आणि पुढे चालत राहिला. त्या क्षणी मला तो माणूस प्रथमच आवडला.

कॅमेरामन फाउस्तो गळ्यात दोरीला एक काळपट काच अडकवून फिरतो. त्याला मी आदल्या दिवशी विनंती केली होती. त्याने काच सार्जंटच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, डोळ्याला लाव. सार्जंटने लावली. आमची खोटी घरं, खोटा फाशीचा खांब, मागचे खरे डोंगर यांच्याकडे तो बघत राहिला. काच काढली, सूर्याकडे पाहिलं, पुन्हा लावली. मग हळूच म्हणाला, "अरे, चांदणं."

गर्दी हसली. तो हसला नाही.

"ठीक. दुपारी रात्र होते. पण तो त्या रात्रीत होता कशावरून?"

मी तक्ता उघडला. प्रसंग तिसऱ्यांदा काढला त्या वेळची नोंद वाचली: "वाया. डावीकडून तिसरा मशालवाला 'लटकवा' म्हणत नाही. 'सोडा त्याला, त्याने काही केलेलं नाही' म्हणतो. ओठ स्पष्ट दिसतात. दिग्दर्शक चिडले."

"कोण हा तिसरा?"

"माझे बाबा."

खरंच तसं झालं होतं, दादा. आवाज नंतरच भरणार म्हणून बाकीचे काहीबाही ओरडत होते आणि बाबा त्या जर्मनाची बाजू घेत होते. नंतर मी रागावले तर म्हणाले, "त्याची गोष्ट मला वाचता येत नाही, पण तू सांगितलीस ना. मग खोटं कसं ओरडू?" मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती.

सार्जंट म्हणाला, "बाप तुझा, अक्षर तुझं. काल रात्री घरी बसून लिहिलं नसशील कशावरून?"

"या पानाची कार्बन नक्कल त्याच संध्याकाळी रिळांबरोबर रोमला गेली. तेव्हा घोडे गेल्याचं कुणाला माहीतही नव्हतं. तार करा आणि विचारा."

मग बेर्नाबेकाका पुढे आले. शेताच्या बांधावरून बाबांशी त्यांचं बोलणं बंद आहे, आठवतं ना? म्हणाले, "होता तो. माझ्या शेजारी होता. माझ्या पायावर पाय दिला त्या गाढवाने आणि अजून माफी मागितलेली नाही."

एवारिस्तोसाहेब म्हणाले, "बेर्नाबे, उद्या कामावर यायचं आहे ना?"

"मुळीच नाही. अंगठा सुजलाय."

सार्जंटने सगळं लिहून घेतलं. मग मला बाजूला घेऊन त्याने एक सोपा रस्ता सुचवला. "मला वर अहवाल पाठवायचा आहे. आम्ही रात्र-दिवस ओळखू शकलो नाही, असं मी लिहू शकत नाही. तू लिहून दे, तक्ता भरताना तुझ्याकडून चूक झाली. सही कर. तुझा बाप संध्याकाळी घरी." एवारिस्तोसाहेबांनी लगेच मान डोलावली. त्यांनाही ते सोयीचं होतं: चूक पोरीची, कंपनीची नाही.

बाबा सतरा दिवस आत होते. एका सहीचं काम होतं. माझ्या हातात पेन होतं, दादा, आणि तुला खोटं सांगत नाही, ते कागदाला टेकलंही होतं.

मी लिहिलं: "तक्त्यात चूक नाही. हा प्रसंग दुपारी बारा वाजता चित्रित झाला. हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही." खाली पूर्ण नाव घातलं.

सार्जंटने वाचलं. "यावर मला त्याला आज सोडता येणार नाही. रोमला तार करावी लागेल."

"करा. आम्ही थांबू."

तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला दोष देत नाही. माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. चूक कबूल केली असती तर बाबा त्या रात्री आपल्या अंथरुणात झोपले असते. पण मग ते माझ्या चुकीमुळे सुटलेले राहिले असते, निर्दोष म्हणून नाही. घोडे सापडेपर्यंत लोक म्हणतच राहिले असते, पोरीने वाचवलं. मी असा विचार केला. बरोबर केला की नाही, ते अजून ठाऊक नाही.

काल रोमहून तार आली, नक्कल माझ्या पानाशी शब्दन् शब्द जुळली. बाबा काल दुपारी पायी घरी आले. कुणी माफी मागितली नाही. घोडे मिळालेले नाहीत. गावातले आता माझ्या कानाशी लागतात, "एवारिस्तोनेच विकले, तू म्हण ना, तुझं ऐकतील." मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते मी म्हणणार नाही, त्यांच्याविषयीसुद्धा. त्यांनी मला कामावरून काढलं आहे आणि इथे येणाऱ्या कोणत्याही कंपनीत घेऊ देणार नाहीत असं सांगितलं आहे. सांगू देत. मिरेल्लाबाईंना पत्र लिहिलं आहे. सिनेमे काही एकट्या एवारिस्तोसाहेबांचे नाहीत.

बाबा खूप वाळले आहेत. आधी बकरीची पिल्लं पाहिली, मग जेवले. मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "तू 'बरोबर आहे' म्हणालीस तेव्हा मला वाटलं, हिचं शिक्षण वाया गेलं." ताट बाजूला सारून म्हणाले, "नाही गेलं." मग विचारलं, "हिनेसचं पत्र आलं म्हणे. वाच."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ते वाक्यही. आईने माझा हात धरला, पण मी थांबले नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. पत्र माझ्याकडून घेतलं. परत घडी घालून मला दिलं, आणि घडी फार नीट घातली होती.

आता पुढचं पत्र आईच्या नावाने पाठवू नकोस. पाकिटावर बाबांचं, इंदालेसिओ उबेदा असं पूर्ण नाव लिही, पोस्टातल्या सगळ्यांना दिसेल असं. ते त्यांच्या हातात पडेल आणि ते मला वाचायला देतील. तू जे लिहिशील ते सगळं मी वाचून दाखवीन. एकही शब्द गाळणार नाही, एकही बदलणार नाही, म्हणून लिहिण्याआधी नीट विचार कर.

मी वाट बघते. तेही बघतात, पण कबूल करणार नाहीत.

कासिल्दा उबेदा,
इंदालेसिओ उबेदा यांची मुलगी