वर्क्कीनं गुडघ्यावर बसून ऐकलेली कादंबरी

प्रिय चेच्ची (मठात तुला सिस्टर बस्तीना म्हणत असतील, मी म्हणणार नाही, माझ्या वेण्या ओढणारी थोरली बहीण तूच ती),

ईशोला स्तुती असो. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसतं दुखणं देवाला वाहून बसतेस? दोन्ही कर, देवाची हरकत नसावी. इकडे बांध शाबूत, बदकं शाबूत, मीही शाबूत. आमचे हे गेल्यापासून घरात मला गप्प बस म्हणणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे तब्येत जरा जास्तच सुधारलीय. (हसू नकोस. त्यांच्या फोटोलाही रोज हेच सांगते.)

आता बातमी. आपल्या अन्सानं कादंबरी लिहिलीय! माझ्या नातीनं! पाण्याच्या पातळीखाली वसलेलं एक गाव, आपल्या कुट्टनाडसारखंच, पण कायलाच्या, खाडीच्या पाण्यात जादू. बांध फुटतो, तेव्हा पाणी ईरा नावाच्या पोरीला म्हणतं, तुझं नाव मला दे, मी मागे फिरेन. ती देऊन टाकते. गाव वाचतं, पण ती कुणालाच आठवत नाही. आईलाही नाही, तिचा जीव जडला होता त्या नावाड्यालाही नाही. तरी रोज त्याच्या धक्क्यावर जाऊन उभी राहते, आज ना उद्या ओळखेल म्हणून. वाचताना माझी पेज उतू गेली, मला पत्ता नाही. पण पोरीचा बाप, म्हणजे तिला नर्स करून जर्मनीला धाडायला निघालेला आपला वर्क्की, ऐकूनच घेईना. म्हणे, "गोष्टी लिहून जर्मनीचा व्हिसा मिळतो का?" आणि चालायला लागला.

उभ्या वर्क्कीला काही सांगण्यात अर्थच नाही, तो नेहमी असाच चालायला लागतो. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला तो गुडघ्यावर असतो, आणि प्रार्थनेतून उठून जायची आपल्या घरात कुणाची छाती नाही. प्रार्थनेच्या शेवटी संतांचं चरित्र वाचायचं काम माझं. मग काय, संतांच्या पुस्तकात अन्साची पानं घातली आणि सुरू केलं, "पुण्यवती ईरा हिचा जन्म..." (पाप म्हणू नकोस. सोसलं तिनं कुठल्याही संताइतकंच.) पहिल्या दिवशी वर्क्कीनं डास मारले. मग एकदा विचारलं, "अम्मच्ची, आज एवढंच?" पुढे पुढे तर बदकं लवकर कोंडून माझ्या आधी येऊन बसायला लागला. ईरानं नाव दिलं त्या संध्याकाळी आमेन झालं तरी गडी उठेना.

घोटाळा केला शेजारच्या कुंजेलीनं. ती रोज आमच्याकडेच प्रार्थनेला असते. तिच्या शेताचा बांध गळायला लागला, तर तिनं पुण्यवती ईराला मेणबत्ती बोलली. आणि बांध टिकला ना! मग ही ईराच्या नावानं मिस्साची प्रार्थना मागायला थेट चर्चमध्ये. आमचे पाद्री, अच्चन, तरणे, पण कडक. होडीतून तडक घरी.

"एलीश्वाम्मच्ची, ही संत कुठली?"

"नवी आहे, अच्चन. अजून रोमपर्यंत पोचायचीय."

मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात वर्क्कीच उसळला. "ईरा पुण्यवती ठाऊक नाही? सेमिनारीत शिकवतात तरी काय तुम्हाला?" आणि अख्खी गोष्ट अच्चनना सांगितली, हातवाऱ्यांसकट! आतून अन्सा आली, पांढरीफटक. "अप्पा, ती खरी नाही. मी लिहिलीय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बदकांकडे बघितलं. वर्क्कीच्या मानेच्या शिरा फुगल्या, मी मनात सगळ्या खऱ्या संतांना हाक मारली. शेवटी म्हणाला, "मग तो नावाडी ओळखतो का तिला?"

"अजून लिहिलं नाही, अप्पा. नर्सिंगची तयारी, जर्मनचा क्लास... वेळ कुठाय?"

"आधी ते लिही. बिचारी किती दिवस धक्क्यावर उभी राहणार?"

चेच्ची, माझ्या नवसाच्या लेकानं असं बोलावं! अच्चननी मिस्सा नाकारली, पण जाताना पानं वाचायला मागितली. आणि आता वर्क्की कडत्याला होडीची वाट बघत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला अडवून सांगतो, "माझी मुलगी लेखिका आहे." जणू पानं यानंच लपवून वाचली होती! मी आपली अभिमानानं नुसती फुगून फिरते.

तुझी धाकटी,
एलीश्वा

ता. क. – मदरच्या हातापाया पडून तू अन्सासाठी तुमच्या नर्सिंग शाळेत जी जागा मिळवलीस, ती दुसऱ्या गरजू मुलीला देऊन टाक. आपली पोर कोंबडीचं रक्त बघून आडवी होते, रोग्यांचाही विचार कर. तिला मल्याळम शिकायला कॉलेजात जायचंय. वर्क्की आता फक्त तुला घाबरतो, म्हणून तुझी हरकत नाही असं त्याला स्वतः लिही. (मी त्याला सांगून बसलेय की तू केव्हाच हो म्हणालीस.)

आणखी एक – शेवटच्या प्रकरणात ईराला नाव परत मिळायचं तर एका दारातून जावं लागतं. दारावर एक म्हातारी जोगीण आहे, नाकावर घसरणारा चष्मा, आवाज तुझ्यासारखाच. ती दार उघडते की पोरीच्या तोंडावर आपटते, हे अन्सानं अजून ठरवलेलं नाही. मी म्हटलं, घाई नको, आधी चेच्चीचं उत्तर येऊ दे.