हातातला पीळ

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचा. शेतवाडी दोनशे वर्षांची, पण खोली कोरडी, खाट मजबूत, नळ दारातच. इथे जुन्या पद्धतीने शेती करतात, जुनी बियाणी राखतात आणि शाळेच्या मुलांना ते सारे शिकवतात. मी दोर वळून दाखवायचा. लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, उगाच घोर लावून घेऊ नका, रविवारी येतेच. शेजारी सुतारदादा राहतो. हसून म्हणाला, आलास ना, आता तुझंही लोणचं घालतील.

मंगळवार, ४
चाळीस मुले. घायपाताच्या पानांचे धागे, म्हणजे वाख, पिळून दोर वळला. मुलांनीही हुबेहूब वळला. वाडी चालवणाऱ्या मॅडमनी वहीत उतरवून घेतले, म्हणाल्या, झालं जतन. बरे वाटले.

बुधवार, ५
सकाळी वाख हातात घेतला आणि पुढे काय करायचे ते सुचेना. पन्नास वर्षांचा हात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा न जळताच गेला. मॅडम म्हणाल्या, आजोबा, दमला असाल, आज बैल जुंपून दाखवा. दाखवले.

गुरुवार, ६
बैल जुंपता येत नाहीत. मुलांना येतात.
सुतारदादाकडे गेलो. तो म्हणाला, करवत गेली, रंधा गेला, शिकवायला काही उरलं नाही, म्हणून काल ओंजळीने पाणी कसं प्यायचं ते दाखवलं. ओठ सुकलेले. भरला पेला हातात धरून मलाच विचारतो, ह्याचं काय करतात रे?

शुक्रवार, ७
लेकीला म्हटले, आजच ने. ती म्हणाली, दोन दिवस कळ काढा. मॅडम म्हणतात, उद्याचा विषय घर. घरची माणसे. मी साफ नाही म्हणालो.

शनिवार, ८
गप्पच बसणार होतो. एका मुलीने विचारले, आजोबा, तुम्हाला कुणीच नाही का? असे कसे म्हणू द्यायचे — लेक चालायला कधी लागली, तिचा तो ताप, तिचे रुसणे — थांबताच येईना. मुले लिहून घेत होती. मॅडम म्हणाल्या —

रविवार, ९
फाटकाशी चाळिशीतली कुणी आली आहे. सामान आवरा म्हणते. रडते. कालची मुलगी तिला बिलगून, तुला लहानपणी ताप आला होता ना, ती गोष्ट तिलाच सांगते आहे.
म्हणते, मी तुमची लेक. तिला वाईट वाटू नये म्हणून मान हलवली. लेक म्हणजे कोण, ते विचारायला हवे. मॅडमना विचारू, की हिलाच —