पाकिटांवरचे त्रिकोण

ता. १२ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. नेहमीसारखं 'साष्टांग' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. मी बरी आहे. वहिनी आणि पोरंही बरी असतील.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या त्या फंक संगीताच्या रेकॉर्डी तुला हव्या आहेत, 'आठवण म्हणून'. वर नीट गुंडाळून पाठव म्हणतोस. धन्य आहेस!

देण्याआधी सगळ्या ऐकाव्यात म्हणून गेले चार रविवार बसले. त्रेचाळीस आहेत. कव्हरवर पिवळी गाडी असलेली अजून तशीच आहे. पहिल्याच ठोक्याला बेस गिटारवाला असा हाणतो की कपाटाची काच थरथरते. चंदेरी बुटांवालीची दुसरी बाजू मात्र आता सहन होत नाही. तो गाणारा एकच ओळ सोळा वेळा ओरडतो. लहानपणी तिच्यावर आपण पलंगावर नाचायचो, आणि बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आले की तेलकट कपड्यांनिशी आपल्यात घुसायचे. हे आठवून माझा राग निवळला असं समजू नकोस. उलट वाढला.

बाबांचा नियम विसरला नसशील. ज्यानं बाजू पूर्ण ऐकली त्यानं आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीनं तारीख टाकून खूण करायची. बाबांची फुली, माझा गोल, तुझा त्रिकोण. मध्येच सुई उचलली तर खूण नाही.

आत्या सांगत होती, तू त्याच खुणा पुरावा म्हणून सांगत फिरतोस. "बाबा आजारी होते तेव्हा मी गुपचूप येऊन बसायचो. खोटं वाटत असेल तर पाकिटं बघा."

बाबा गेल्यावर दोन दिवस आलास तेव्हा ती पाकिटं चाळताना मी तुला पाहिलं होतं. तू चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, लाजला असशील.

बाबांच्या आजारपणातल्या तारखांचे ते अकरा त्रिकोण मी काढलेत, दादा. हे तुला पक्कं माहीत आहे, कारण तू एकदाही आला नाहीस.

उजवी बाजू लुळी पडल्यापासून बाबा रोज विचारायचे, "दादा आला होता का गं?" एक दिवस माझ्याच्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, "आला होता. तुम्ही झोपला होतात. हेडफोन लावून ऐकत बसला नि गेला."

"पाकीट दाखव," म्हणाले. बाबाच ते! मी आत जाऊन त्रिकोण काढला आणि आणून दाखवला. डाव्या हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अख्खी बाजू ऐकली की!" दिवसभर खूश होते. मग मी काढतच गेले.

इथवर लिहून दोनदा उठले. अकराव्या त्रिकोणानंतर बाबांनी दुपारी झोपणं सोडलं. त्यांना वाटलं, तू येतोस तेव्हा नेमके आपणच झोपलेले असतो. जेवण झालं की खुर्चीत बसवायला लावायचे, तोंड दाराकडे. डुलकी लागून मान खाली जायची. मी म्हणायचे, पडा जरा. तर चिडायचे, "तो येऊन निघून जाईल." डॉक्टर बजावत होते, यांना विश्रांती हवी. दोन महिने असेच बसले आणि त्या खुर्चीतच गेले. तुझं नाव सांगून मी त्यांना जागं ठेवलं. याची माफी तुझ्याकडे मागत नाही, तेवढाही तुझा हक्क नाही.

आत्याला काल सगळं सांगितलं. तुझंही, माझंही. ती आधी रडली, मग मला वाट्टेल ते बोलली. ऐकून घेतलं. तुलाही फोन करील, तयारीत राहा.

रेकॉर्डी पाठवणार नाही. हव्या असतील तर स्वतः ये. दुपारी ये. मी जागी असते.

धाकटी