विलायतेहून आलेला चित्ता

निगडी,
ऑक्टोबर १९८०

प्रिय दादा,

यंदा फराळाचं पार्सल पाठवलेलं नाही, वाट पाहू नकोस. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, आणि आई गेल्यापासून सोऱ्या हातात घ्यावासा वाटत नाही. बाबांची साखर आता आटोक्यात आहे, पण नजर परत यायची नाही असं डॉक्टर म्हणाले. खिडकीतला उजेड त्यांना कळतो, समोरचं माणूस कळत नाही.

गाडी शेडमध्येच आहे. बाबांच्या कंपनीतला गोरा साहेब मायदेशी जाताना ती मोडक्या इंजिनासकट सोडून गेला आणि तुम्ही दोघांनी सगळा उन्हाळा तिच्याखाली आडवं पडून काढलात. देहूरोडच्या पुढं तू ती पहिल्यांदा सुसाट सोडलीस तेव्हा आई डोळे गच्च मिटून बसली होती आणि बाबा तुला "अजून दाब" म्हणत होते. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

बॉनेटवरचा झेपावणारा चित्ता चोरीला गेला ते तुला कळवलंच होतं. कसा गेला ते मात्र लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाबा मला घ्यायला कासारवाडी स्टेशनवर आले होते. आम्ही बाहेर आलो तर कुणीतरी तो उपटून नेलेला, खाली नुसती दोन भोकं. बाबा कुणावर ओरडले नाहीत. बोटानं भोकं चाचपली, गाडी घरी आणली आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही.

"येतानाच इकडून नवा घेऊन येतो," असं तू विलायतेतून, कॉव्हेंट्रीहून लिहिलंस. मग तुला रजा मिळाली नाही, मग घराचं काम निघालं. मी तुला बोल लावत नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "सुरेंद्र आणतोय." शेजारचे मालोजीराव एकदा म्हणाले, "अहो, कुठलंही चिन्ह बसवा, कोण बघतंय." बाबा त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पुढं पुढं लोकांनी विचारणं सोडलं, आणि बाबांनी सांगणंही. एकदा फक्त मला म्हणाले, "पद्मा, भोकांत गंज धरलाय का बघ गं."

त्याच आठवड्यात मी चिखलीला भिमाजींच्या ओतकामाच्या शेडवर गेले. बॉनेटवर हात ठेवून तू उभा आहेस ना, तो फोटो सोबत नेला होता. ते म्हणाले, "ताई, घडवतो की. पर पल्याडची बाजू फोटूत दिसत न्हाई, ती अंदाजानंच करावी लागंल." पितळेचा ओतला, वर चकचकीत मुलामा चढवला आणि स्वतः येऊन बसवून गेले. बाबांना मी सांगितलं, दादानं विमानानं पाठवलाय.

बाबांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. पलीकडच्या बाजूला बोटं थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा तिथंच थांबली. शेवटी म्हणाले, "तिकडंही आता कामगार हात राखून काम करतात वाटतं." आणि मालोजीरावांना हाक मारून बोलावलं, सुरेंद्रनं काय धाडलंय ते बघायला. त्यांना खरंच पटलं का, की पटल्यासारखं मला दाखवत होते, मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

आता मुद्द्याचं. पाडव्याला तुला ट्रंक कॉल लावून द्यायला बाबांनी सांगितलंय. चित्त्याबद्दल तुझे आभार मानायचेत. लाइनवर आवाज नीट येत नाही, पण तू अडखळलास तर तेवढं त्यांना बरोबर ऐकू येईल. म्हणून आधी लिहिते आहे. "बसला ना नीट?" एवढंच विचार. आणि दादा, कधी येतोस म्हणून ते विचारतील, तेव्हा या खेपेला महिना सांगू नकोस. सांगितलास की ते रोज मला तारीख विचारतात.

तुझी धाकटी,
पद्मजा